जुने चिनी कोरीव तबक पारखताना

कठीण लाकडाचे जुने चिनी कोरीव तबक विकत घेण्यापूर्वी ते आधी उलटे करून पाहावे, कारण नक्कल करणारे वरच्या नक्षीवर मेहनत घेतात आणि तळाकडे सहसा दुर्लक्ष करतात. छिंग राजवटीतील (१६४४–१९११) कसबी सुतार चौकटीच्या पट्ट्या कोपऱ्यांत तिरक्या कापून एकीचे टोक दुसरीच्या खाचेत बसवत आणि मधली फळी चौकटीच्या आतल्या खोबणीत मोकळी ठेवत, त्यामुळे दमट हवेत लाकूड फुगले तरी फळी तडकत नसे. अशी फळी खिळ्यांनी ठोकलेली दिसली, तर नंतरच्या दुरुस्तीची किंवा नकलेची शंका घ्यावी.

नक्षी बाजूने प्रकाश टाकून भिंगातून न्याहाळावी. हाताने कोरलेली पाने-फुले एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि आतले कोपरे पटाशीने टोकदार काढलेले असतात, तर यंत्राच्या फिरत्या पात्याने ते सहसा गोलसर राहतात. उठावाच्या नक्षीभोवतीचे लाकूड खोल काढून तो भाग सपाट करणे अतिशय कष्टाचे असते, आणि माझ्या मते कारागिराची खरी योग्यता तिथेच कळते.

झितान हे लाकूड फार मोलाचे. ते आंध्र प्रदेशात वाढणाऱ्या रक्तचंदनाच्याच जातीचे मानले जाते आणि पाण्यात बुडण्याइतके जड असते. रक्तचंदन आणि शिसवाच्या कुळातील लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असल्यामुळे परदेशातून तबक आणण्याआधी परवान्याची चौकशी करावी.

घरी आणल्यावर मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, पण जुनी झिलई खरवडून नवे पॉलिश मुळीच चढवू नये.