जुन्या लॅपटॉपवर स्टुडिओचा टॉकबॅक: मंबल आणि अॅस्टरिस्क वापरून इंटरकॉम कसा उभा करायचा

कबड्डीचे सामने, कीर्तन, गणपतीची मिरवणूक, कॉलेजचं गॅदरिंग असं काहीही तीन-चार कॅमेरे लावून लाइव्ह करणाऱ्या छोट्या टीम आता गावोगावी आहेत, लाइव्ह करायचं ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कॅमेरे भाड्याने मिळतात, पण टॉकबॅकचा, म्हणजे डायरेक्टर आणि क्रूने पडद्यामागे एकमेकांशी बोलायच्या सोयीचा, विषय निघाला की बहुतेक जण व्हॉट्सअॅपचा ग्रुप कॉल लावून मोकळे होतात. मग ऐन रेडच्या वेळी कॅमेरामनला घरचा फोन येतो आणि डायरेक्टरचा आवाज गायब. वॉकीटॉकीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, आणि अँकरच्या कानात फक्त त्याच्यापुरतं काही सांगायचं असेल तर तिथे सोयच नाही.

व्यावसायिक इंटरकॉमचा प्रश्न फार पूर्वीच सुटलेला आहे. क्लिअर-कॉम ही कंपनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झाली ती रॉक कॉन्सर्टच्या गोंगाटातही क्रूला एकमेकांचं ऐकू यावं म्हणून. तेव्हापासून कमरेला बेल्टपॅक, डोक्याला हेडसेट आणि एका वायरवर सगळे, हा साचा जगभर चालत आलाय. सिस्टीम उत्तम, पण किंमत छोट्या टीमच्या आवाक्याबाहेर. तेच काम ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि साधं नेटवर्क वापरून करता येतं, आणि माझं ठाम मत आहे की तीन-चार कॅमेऱ्यांच्या सेटअपला ते पुरून उरतं. फक्त पैसे सॉफ्टवेअरवर वाचले की ते हेडसेट, राउटर आणि वायरवर घाला.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

इंटरकॉम म्हणजे मुळात कोणी कोणाचं ऐकायचं याचा नकाशा. तो कागदावर काढल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नका. एक साधा नकाशा सांगतो. डायरेक्टर सगळ्यांशी बोलू शकतो, आणि कॅमेरे आणि साउंड दोघांचं ऐकतो. कॅमेरामन एकमेकांचं आणि डायरेक्टरचं ऐकतात, साउंडवाल्याची मिक्सरबद्दलची चर्चा त्यांना ऐकायची गरज नाही. अँकर फक्त डायरेक्टरचं ऐकतो आणि तेही मोजकं, कारण बोलत असताना कानात कॅमेऱ्यांचे कॉल येत राहिले तर कुठलाही माणूस अडखळेल. बाहेरगावचा रिपोर्टर प्रोग्रामचा आवाज ऐकतो पण स्वतःचा आवाज सोडून, त्याबद्दल पुढे लिहितो. आडव्या रांगेत बोलणारे, उभ्या रांगेत ऐकणारे असा तक्ता करा आणि जिथे हवं तिथे फुली मारा. एवढं झालं की अर्धं काम झालं, पुढचं सगळं म्हणजे हा तक्ता सॉफ्टवेअरमध्ये भरणं.

सर्व्हर

मी मंबल सुचवतो, हे नेटवर्कवरून ग्रुपमध्ये बोलायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. हे २००५ पासून आहे, गेम खेळणाऱ्यांसाठी बनलं, म्हणजे उशीर कमी असणं हाच त्याचा पाया, आणि आवाज एन्क्रिप्ट होऊनच जातो. आवाजासाठी ते ओपस कोडेक (आवाज दाबून नेटवर्कवरून पाठवायची पद्धत) वापरतं, जो २०१२ मध्ये इंटरनेट स्टँडर्ड म्हणून आला आणि साध्या टेलिफोनच्या आवाजापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे.

सर्व्हरला ताकद लागत नाही, रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) किंवा कपाटात पडलेला जुना लॅपटॉप चालतो. डेबियन किंवा उबुंटू टाका, पॅकेज मॅनेजरमधून मंबल-सर्व्हर हे पॅकेज घ्या, मग डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही कमांड मंबल-सर्व्हरवर चालवली की ते मशीन चालू होताच आपोआप सुरू व्हावं का हे विचारतं आणि सुपरयूजरचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याचा, पासवर्डही तिथेच ठरवता येतो. कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हर पासवर्ड टाका, आणि बँडविड्थची मर्यादा किती आहे ते बघून घ्या. पोर्ट ६४७३८, टीसीपी आणि यूडीपी (नेटवर्कवरून डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही. फायरवॉलमध्ये फक्त टीसीपी उघडलं तरी मंबल जोडलं जातं आणि बोलणंही चालतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं, पण मग आवाज टीसीपीमधून जातो आणि नेटवर्कवर जरा ताण आला की मागे पडतो, म्हणून यूडीपी नक्की तपासा. सर्व्हरला राउटरमध्ये पक्का आयपी द्या आणि तो केबलनेच जोडा.

चॅनेल, शॉर्टकट आणि परवानग्या

आता कागदावरचा तक्ता काढा. प्रॉडक्शन, कॅमेरा, साउंड, अँकर, बाहेरगाव असे चॅनेल करा. मंबलमध्ये माणूस एका वेळी एकाच चॅनेलमध्ये बसतो, पण १.४ आवृत्तीपासून दुसऱ्या चॅनेलला नुसता कान लावून बसायची सोय आलीय, आणि आपल्या कामाला ती फार मोलाची आहे. डायरेक्टर प्रॉडक्शनमध्ये बसेल आणि कॅमेरा आणि साउंड या चॅनेलवर लिसन लावेल. म्हणजे सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही १.४ किंवा त्यापुढचे हवेत.

बोलण्यासाठी सेटिंगमध्ये व्हिस्पर/शाउट शॉर्टकट बनवायचे. एफ१ दाबला की कॅमेरा, एफ२ साउंड, एफ३ अँकर, आणि एफ४ वर मूळ चॅनेल घेऊन त्याचे उपचॅनेलही धरायचे म्हणजे सगळ्यांना एकदम. कीबोर्डवर बोटं चुकत असतील तर एक स्वस्तातला यूएसबी नंबरपॅड घ्या आणि बटणांवर स्टिकर लावा, अंधाऱ्या पीसीआरमध्ये (कंट्रोल रूममध्ये) त्याचा फार उपयोग होतो.

अँकर चॅनेलच्या परवानग्यांकडे खास लक्ष द्या. तिथे एंटर आणि व्हिस्पर या परवानग्या सगळ्यांसाठी बंद करून फक्त डायरेक्टर आणि अँकरच्या ग्रुपला द्यायच्या, नाहीतर कोणीतरी गडबडीत चुकीच्या चॅनेलमध्ये शिरून अँकरच्या कानात चहाची ऑर्डर देतो. ग्रुपमध्ये घालण्यासाठी त्या त्या डिव्हाइसची सर्व्हरवर नोंदणी लागते, ती सर्टिफिकेटवर चालते, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच सगळे फोन-लॅपटॉप एकदा जोडून नोंदवून घ्या.

क्लायंटमधली सेटिंग

लॅपटॉपवर मंबल, अँड्रॉइडवर मम्ला, आयफोनवरही मंबलचं अॅप आहे. पहिल्यांदा चालू केल्यावर काही गोष्टी लगेच बदलायच्या. टेक्स्ट-टू-स्पीच बंद, नाहीतर कोण आलं कोण गेलं हे मशीनच्या आवाजात सगळ्यांच्या कानात वाजत राहतं. पोझिशनल ऑडिओ, म्हणजे गेममधल्या जागेप्रमाणे आवाज डावी-उजवीकडून ऐकवायची सोय, बंद. विंडोजवर कोणी बोललं की इतर प्रोग्रामचा आवाज कमी करायची एक सोय असते, तीही बंद, कारण त्याच मशीनवर तुम्ही प्रोग्रामचा आवाज ऐकत असाल तर तो सारखा खाली-वर होईल आणि साउंडवाला बिचारा मिक्सरमध्ये दोष शोधत बसेल.

बोलायची पद्धत सगळ्यांसाठी पुश-टू-टॉक, म्हणजे बटण दाबलं तरच आवाज जाणं, ठेवा. व्हॉइस अॅक्टिव्हिटी, म्हणजे आवाज आला की माइक आपोआप उघडणं, घरात बसून छान चालते, पण ढोल-ताशासमोर उभ्या असलेल्या कॅमेरामनचा माइक एकदा उघडला की बंदच होत नाही. एका पॅकेटमध्ये किती ऑडिओ जावा ही सेटिंग लोकल नेटवर्कवर १० किंवा २० मिलिसेकंद ठेवा. १० ला उशीर कमी पण सेकंदाला १०० पॅकेट जातात, वायफायवर ती गर्दी नको असेल तर २० बरं. क्वालिटी ४० किलोबिटच्या आसपास बोलण्यासाठी भरपूर झाली. दूरध्वनीच्या जगात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असा आयटीयूचा (दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) दंडक आहे, पण "कट" म्हटल्यावर कट व्हायचा असेल तर आपल्याला त्याहून बरंच कमी हवं, आणि केबलच्या लोकल नेटवर्कवर ते जमतं.

ब्लूटूथ हेडसेट वापरू नका. त्याचा स्वतःचा उशीर वर चढतो, माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा पडतो, आणि ऐन वेळी बॅटरी संपायची भीती. वायरवाला, दोन्ही कान झाकणारा हेडसेट आणि तोंडाजवळ येणारा माइक, यावर पैसे घाला. फोनवर मम्लासाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर अँड्रॉइड अॅपला झोपवतं. जमलं तर कॅमेऱ्याजवळ सिम नसलेला जुना फोन ठेवा, म्हणजे घरच्या फोनचा प्रश्नच मिटला. रास्पबेरी पायला कॅमेऱ्याजवळ कायमचं ठाणं बनवायचं असेल तर टॉककनेक्ट नावाचा स्क्रीनशिवाय चालणारा मंबल क्लायंट आहे, बोलायला खरं बटण जोडता येतं. पायला माइकची जागा नसते आणि पाय ५ वर तर हेडफोनचंही भोक काढून टाकलंय, त्यामुळे यूएसबी साउंड कार्ड लागतंच.

वायफाय वेगळं ठेवा. प्रेक्षकांना किंवा मंडळाच्या कार्यकर्त्यांना त्याचा पासवर्ड देऊ नका, ५ गीगाहर्ट्झ वापरा आणि राउटर उंचावर, माणसांच्या डोक्यांच्या वर लावा, कारण माणसांच्या गर्दीत सिग्नल शोषला जातो.

डायरेक्टरचा आवाज ऑन एअर जाऊ नये म्हणून

सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. ओबीएस ज्या मशीनवर चालतं त्याच मशीनवर मंबल चालवलं आणि ओबीएसमध्ये डेस्कटॉप ऑडिओ चालू असला, तर टॉकबॅकवरचा प्रत्येक शब्द थेट प्रेक्षकांना ऐकू जातो. म्हणून शक्यतो मंबल वेगळ्या मशीनवर. एकाच मशीनवर करावंच लागलं तर ओबीएसमधला डेस्कटॉप ऑडिओ पूर्ण काढून टाका, प्रोग्रामचा आवाज मिक्सरमधून ऑडिओ इनपुट म्हणून घ्या आणि मंबलचं आउटपुट दुसऱ्या साउंड कार्डवर वळवा. मग एक मिनिट रेकॉर्डिंग करून त्या वेळी टॉकबॅकवर मुद्दाम बोला आणि फाइल ऐकून बघा. मीटर बघून समाधान मानू नका, कानाने ऐका.

अँकरच्या कानासाठी म्हणजे आयएफबीसाठी एक छोटा कॉम्प्युटर अँकर चॅनेलमध्ये बसवा, माइक बंद. त्याचं आउटपुट मिक्सरच्या एका चॅनेलला द्या. तो चॅनेल मेनमध्ये, म्हणजे प्रेक्षकांना जाणाऱ्या आवाजात, अजिबात सोडायचा नाही, फक्त एका ऑक्समध्ये (मिक्सरमधून वेगळं मिक्स बाहेर काढायचं आउटपुट). त्याच ऑक्समध्ये प्रोग्रामचा आवाज द्या आणि ऑक्सचं आउटपुट अँकरच्या इयरपीसला. मिक्सर डिजिटल असेल तर डायरेक्टर बोलला की प्रोग्राम आपोआप खाली जाईल असं डकिंग लावा, नसेल तर प्रोग्राम जरा कमीच ठेवा.

बाहेरगावचे लोक: इथे अॅस्टरिस्क

आतल्या क्रूसाठी मंबल पुरतं. पण फोनो (फोनवरून लाइव्ह बोलणारे लोक) घ्यायचेत, ऑफिसात आयपी फोन आहेत, किंवा रिपोर्टरकडे एसआयपी (इंटरनेटवरून फोन जोडायची पद्धत) बोलणारं ब्रॉडकास्ट कोडेक, म्हणजे आवाज पाठवायचं यंत्र, आहे, तर अॅस्टरिस्क लावा. मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये सुरू केलेलं हे ओपन सोर्स टेलिफोन एक्स्चेंज, आणि टर्मिनलची सवय नसेल तर त्यावर फ्रीपीबीएक्सचं वेब पॅनेल मिळतं. प्रत्येक माणसाला एक एक्स्टेन्शन द्या आणि अॅस्टरिस्कच्या कॉन्फब्रिज या कॉन्फरन्स सोयीत एक रूम करा, समजा ८००, लिनफोन किंवा बेअरसिप या एसआयपी अॅपवरून ८०० लावला की माणूस कॉन्फरन्समध्ये.

कोडेकचं एक सांगतो कारण इथे बरेच जण अडतात. अॅस्टरिस्कच्या कॉन्फरन्सला आवाज उलगडून मिसळावा लागतो, आणि त्यासाठीचं ओपसचं मॉड्यूल अॅस्टरिस्कसोबत येत नाही, वेगळं उतरवून घ्यावं लागतं आणि ते ओपन सोर्स नाही. त्यापेक्षा जी.७२२ पहिल्या नंबरवर ठेवा, ते सोबतच येतं, बहुतेक आयपी फोन ते बोलतात, आणि ७ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज देतं, जिथे जुनं जी.७११ साडेतीन किलोहर्ट्झच्या आतच थांबतं. स आणि श मधला फरक कानाला कळतो तो याच वरच्या भागात.

बाहेरच्या माणसाला परत पाठवायच्या आवाजात त्याचा स्वतःचा आवाज नको, याला मिक्स-मायनस म्हणतात. इंटरनेटवरून फिरून उशिरा आलेला आपलाच आवाज कानात पडला की बोलता येत नाही. मिक्सरवर त्याच्यासाठी वेगळा ऑक्स घ्या आणि त्यात त्याचा चॅनेल शून्यावर. मंबल आणि अॅस्टरिस्क एकमेकांना जोडायचे असतील तर एका लिनक्स मशीनवर मंबल क्लायंट आणि बेअरसिप दोन्ही चालवा आणि पाइपवायरमध्ये (लिनक्समधली आवाज इकडून तिकडे जोडायची सोय) एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला, दुसऱ्याचं पहिल्याला असं जोडा. मंबल तुमचा आवाज तुम्हाला परत देत नाही, कॉन्फब्रिजही देत नाही, त्यामुळे मिक्स-मायनस आपोआप होतं. या मशीनवर मंबल कायम चालू मोडमध्ये ठेवावं लागतं, पुश-टू-टॉक दाबायला तिथे कोणी नसतं.

आपल्याकडे मोबाइल इंटरनेट आणि बऱ्याच घरगुती फायबर कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून कोणी आत येत नाही. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, किंवा त्याच्यामार्फत वायरगार्ड या व्हीपीएनचा (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीचा) बोगदा काढा. मी वायरगार्डच्याच बाजूने आहे, कारण एसआयपीचं ५०६० पोर्ट उघडं ठेवलं की पासवर्ड फोडायला बसलेली मशीन लगेच येऊन धडकतात.

एक कायद्याची गोष्ट. आपापसात इंटरनेटवरून बोलणं वेगळं आणि सिम घातलेल्या गेटवेमधून इंटरनेटचे कॉल साध्या मोबाइलवर सोडणं वेगळं, हे दुसरं बेकायदा आहे. साधे फोन नंबर जोडायचेच असतील तर लायसन्स असलेल्या टेलिकॉम कंपनीकडून एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोन लाइन, घ्या.

कार्यक्रमाआधी

तासभर आधी डायरेक्टरने एकेकाला नावाने हाक मारायची आणि त्याने उत्तर द्यायचं, नुसती हिरवी खूण बघायची नाही. बोलायची शिस्त ठरवा: आधी कोणासाठी, मग काय. "कॅमेरा दोन, रेडरवर टाइट, रेडी... दोन घेतोय." उलट क्रमाने बोललं की तिघंही झूम करतात. लाइव्ह चालू असताना कॅमेरामनने टॉकबॅकवर गप्पा मारायच्या नाहीत, "ओके" सुद्धा विचारल्याशिवाय नाही.

सर्व्हर आणि राउटर यूपीएसवर लावा, गावच्या कार्यक्रमात जनरेटर बदलताना झटका बसतोच. आणि चॅनेल, परवानग्या, नोंदणी हे सगळं सर्व्हरच्या एका एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइलमध्ये असतं, ती फाइल आणि कॉन्फिग दुसऱ्या मेमरी कार्डवर टाकून तसंच सर्व्हर बसवलेला दुसरा रास्पबेरी पाय बॅगेत ठेवा, म्हणजे पहिला गेला तर केबल काढून दुसऱ्याला लावायची आणि तोच आयपी द्यायचा, सगळे फोन आपोआप परत जोडले जातात.