कंबरेची डिस्क झिजलीय? ऑपरेशनचा विचार करण्याआधी या चुका टाळा

‘मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय, आता ऑपरेशनच करावं लागेल का?’ फिजिओथेरपीला आलेला पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच हे विचारतो आणि एमआरआयची मोठी पिशवी पुढे करतो. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. कंबरेतून पायात उतरणारी सायटिकाची कळसुद्धा बऱ्याच जणांची सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ कमी होते. पण मधल्या काळात भलतंच काही करत राहिलं की दुखणं रेंगाळतं, आणि ‘सगळं करून पाहिलं’ म्हणत माणूस हाय खातो.

काही लक्षणं दिसली तर मात्र वाट पाहत थांबायचं नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, चालताना पाऊल उचलेना आणि चप्पल पायातून निसटू लागली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. ताप, घटणारं वजन आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी नाही ना, हे तपासून घ्या. आपल्याकडे तो अजूनही आढळतो आणि साधी कंबरदुखी समजून लोक महिनोन्‌महिने चोळत बसतात.

रिपोर्ट वाचून घाबरणं

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन अभ्यासले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये डिस्कची, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीची, झीज दिसली, ऐंशीच्या वयात ९६ टक्के. डिस्क फुगलेली असण्याचं प्रमाण विशीतच ३० टक्के होतं. त्यामुळे ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली डिस्क फुगलेली) ही ओळ एकटी काहीच ठरवत नाही. डॉक्टर तुमच्या पायातली ताकद, संवेदना आणि रिफ्लेक्स तपासतात, ते रिपोर्टशी जुळायला हवं. कळ डाव्या पायात आणि रिपोर्टमध्ये दाब उजव्या नसेवर, असं असेल तर दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

फळीवर पडून राहणं

‘तीन आठवडे सक्तीची विश्रांती, जमिनीवर झोपायचं’ हा सल्ला घरोघरी अजून दिला जातो. मोठ्या माणसाच्या डिस्कमध्ये रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. वरच्या-खालच्या मणक्यांतून पोषण झिरपत येतं आणि त्याला हालचालीची मदत होते. कळ फारच असेल तर एक-दोन दिवस पडून राहा, त्यापेक्षा जास्त नको. फळीचाही हट्ट नको. २००३ साली स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता.

नुसत्या मशीनवर भरवसा

शेक, अल्ट्रासाउंड, वजन लावून कंबर ताणायचं ट्रॅक्शन, वर कमरेला पट्टा, आणि व्यायाम मात्र शेवटी दोन मिनिटं. असे दहा-दहा दिवसांचे कोर्स घेतलेले कितीतरी लोक भेटतात. जुन्या कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन आणि पट्टे नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मधल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. गरम शेकाने बरं वाटतं, तो जरूर घ्या. पण पैसे आणि वेळ व्यायाम शिकण्यात घाला.

शेजाऱ्याचा व्यायाम आपण करणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. व्हिडिओ बघून कोणी पादहस्तासन करतो, कोणी भुजंगासन. ताज्या डिस्कच्या त्रासात पुढे वाकण्याने बहुतेकांची कळ वाढते आणि पोटावर झोपून हळूहळू मागे वाकणं अनेकांना मानवतं. पण साठीनंतर काहींना चालताना पाय भरून येतात, खाली बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. त्यांच्या मणक्यात नसांची जागा अरुंद झालेली असते, भुजंगासन त्यांना सोसत नाही.

यासाठी एक खूण लक्षात ठेवा. व्यायाम करताना पोटरीतलं दुखणं वर सरकून मांडीत, मग कुल्ल्यात, मग फक्त कंबरेत आलं, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. कंबर हलकी झाली पण कळ पावलापर्यंत उतरली, मुंग्या वाढल्या, तर तो व्यायाम तिथेच थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. पायात अशक्तपणा असताना कुणाकडून झटका देऊन ‘मणका बसवून’ तर मुळीच घेऊ नका.

गोळ्या आणि इंजेक्शन

मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेलं डायक्लोफेनॅक महिनोन्‌महिने खाल्लं तर पोटात अल्सर होऊ शकतो, बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. एकाच गोळीने चुटकीसरशी आराम पडला तर संशय घ्या, पण बऱ्याच दिवसांपासून घेत असाल तर डॉक्टरांना विचारूनच बंद करा.

मणक्यातलं एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शन पायातली तीव्र कळ काही आठवडे कमी करू शकतं. नुसत्या कंबरदुखीला त्याचा फारसा उपयोग नाही. इंजेक्शननंतर मिळालेले बरे दिवस व्यायाम सुरू करण्यासाठी असतात, ते झोपून घालवू नका.

बरं वाटलं की सगळं सोडून देणं

ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ जणांवर चाचणी झाली, ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या लोकांना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला शिकवलं. त्यांची कंबर पुन्हा धरायला मध्यकाने (अर्ध्यांना याहून कमी, अर्ध्यांना जास्त) २०८ दिवस लागले, काहीच न केलेल्यांची ११२ दिवसांतच धरली. आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत, सपाट रस्त्यावर चाला. तंबाखू-सिगारेट सोडा, धूम्रपानाचा डिस्कच्या झिजेशी संबंध आहे.

तरीही कंबर पुन्हा धरलीच, तर पहिले दोन दिवस वजन उचलू नका, खड्ड्यांतून टू-व्हीलर नेऊ नका, तासाभराने उठून घरातल्या घरात चाला आणि कळ उतरू लागली की पूर्वीचेच व्यायाम निम्म्याने सुरू करा.