माल टाकायची जागा आधी, करवत नंतर

कोकणात झाड पाडणारे पाडून निघून जातात, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फांद्यांचा डोंगर उरतो. तो उचलायचा धंदा एप्रिल-मे मध्ये, म्हणजे कौलांवर झुकलेल्या फांद्या पावसाआधी उतरवायच्या दिवसांत, आणि वादळानंतर हमखास चालतो. तयारीला बसलात की आधी हत्यारांची यादी कराल. नका करू. आधी माल टाकायची जागा ठरवा. ही ओळ यादीत नसली की काय होतं? पिकअप भरून उभी, आणि रिकामी कुठे करायची ते कुणालाच ठाऊक नाही.

जागा म्हणजे "बघू कुठेतरी" नव्हे. जागेच्या मालकाशी बोलून, किती खेपा आणि कुठल्या महिन्यापर्यंत ते ठरवून, शक्य तर चार ओळी लिहून घेतलेली जागा. आणि एक नाही, दोन: एक उन्हाळ्याची, एक पावसाळ्याची. डिसेंबर ते मार्च भातशेतीवाले पाल्याच्या फांद्या आनंदाने घेतात, भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, कवळ (तोडलेल्या पाल्याच्या फांद्या) लागते. तीच माणसं जूनमध्ये हात जोडतात, कारण ओल्या ढिगाचं त्यांना काहीच करता येत नाही. वादळं मात्र बऱ्याचदा नेमकी मे-जूनमध्ये येतात. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धनच्या बाजूला आलं, तौक्ते 2021 च्या मे मध्ये किनाऱ्यालगत वर सरकत गेलं. म्हणजे माल सर्वांत जास्त तेव्हा, जेव्हा तो कुणालाच नको असतो. पावसाळ्याची जागा रस्त्याला लागून आणि जांभ्याच्या कातळावरची बघा. मातीच्या वरकसात (चढावरच्या हलक्या जमिनीत) भरलेली गाडी रुतली की काढायला जेसीबी, आणि त्या दिवसाची कमाई त्यातच गेली.

खाडीकाठ ही जागा नव्हे. कांदळवनात पाला टाकलात तर गुन्हा दाखल होतो. पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, टाकलात तर पहिल्याच मोठ्या सरीला तो रस्त्याखालच्या मोरीत अडकतो आणि गाव तुमचं नाव घेतं. पेटवून मोकळं होण्याचा विचारही नको. फेब्रुवारीनंतर दुपारचा वारा सुटला की ठिणगी शेजारच्या काजूत जाते, आणि वणव्याची भरपाई या धंद्यातून फिटत नाही.

नारळाचं खोड वेगळं धरा. ते कुणाच्या वाडीच्या कोपऱ्यात कुजत टाकायचं नाही. कुजक्या खोडात आणि शेणखतात गेंडा भुंगा अंडी घालतो, आणि तिथून निघालेले भुंगे त्याच वाडीतल्या माडांचे कोंब पोखरतात. खोड उभं चिरून उन्हात वाळवा, मग चुलीला द्या. चुडतं (माडाच्या झावळ्या), पोयी (माडाच्या फुलोऱ्यावरची आवरणं) आणि पोफळीच्या विऱ्या (पानाच्या देठाची रुंद आवरणं) गावातच खपतात, त्यांना गाडी लागत नाही. आंब्याचं जाड लाकूड वखारीत किंवा पेट्या करणाऱ्याकडे जातं, रायवळाचे (कलम न केलेल्या गावठी आंब्याचे) ओंडके स्मशानासाठीही घेतात. पाला कलमांच्या आळ्यात आच्छादनाला. जेवढं असं वाटेला लागेल तेवढी जागा कमी लागेल. तरी जागा लागतेच. दर सांगण्याआधी जागेवाल्याला फोन करून ती आजही मोकळी आहे ना ते विचारा. विचाराच.

कागद. लाकूड बाहेर न्यायचं असेल तर ते कुठल्या झाडाचं हे बघा. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतली झाडं. तोडायची परवानगी मालकाने घेतली आहे का ते कागदावर बघा, "हो घेतलीय" वर जाऊ नका. रस्त्यावर अडवली जाते ती तुमची गाडी. वाहतूक पास लागतो का ते वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात आधीच विचारून ठेवा. सातबाराही बघा. जमीन पाच भावांची असते, चौघे मुंबईला असतात, आणि "आमचा फणस कुणी नेला?" हा प्रश्न गणपतीत विचारला जातो. लाकूड कोणाचं हे मजुरीच्या कागदावर लिहा: तुमचं, त्यांचं, की निम्मं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, करून टाका.

आता हत्यारं. साखळीच्या यांत्रिक करवतीला पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली चांगलं टू-स्ट्रोक तेल, साखळीचं तेल वेगळं. नारळ कापताना साखळी पटकन बोथट होते, म्हणून दर टाकीला कानस मारा आणि एक जादा साखळी जवळ ठेवा. भुसा पीठासारखा बारीक पडायला लागला की समजा धार गेली. कुंपणाच्या झाडात जुने खिळे आणि तार असते, आधी कोयत्याच्या पाठीने साल खरवडून बघा. फांद्या अख्ख्या भरू नका. मोठ्या रायवळाच्या न तोडता भरलेल्या फांद्यांना सहा-सात खेपा लागतात, कोयत्याने बारीक करून पायाखाली दाबल्या तर तीन. श्रेडर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं यंत्र, पहिल्या वर्षी घेऊ नका, भाड्याने मिळतो का बघा. ओंडके दोन फुटांचे करा: एक फूट जाडीचा मीटरभर ओला आंबा साठ-सत्तर किलो भरतो, आणि पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, तो डोक्यावरच न्यायचा आहे. गाडी घरापर्यंत जाते का ते म्हणून स्वतः जाऊन बघा. दर अंतरावर ठरतो, फोनवर नाही. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, गाडी टेकवू नका, रचलेले चिरे लगेच ढासळतात.

अंगाला पूर्ण बाह्या, गमबूट, चश्मा. आंब्याच्या चिकाने कातडी भाजते, बिब्ब्याने फोड येतात, खाजकुइली वाळलेली असेल तर त्या फांदीला हातच लावू नका. ओंबिलांची (झाडावरच्या चावऱ्या तांबड्या मुंग्यांची) घरटी आधी दांड्याने दूर करा. ढीग दोन दिवस पडून असेल तर खाली फुरसं (विषारी साप) असतं हे धरूनच काठीने हलवा. तारेवर पडलेली फांदी महावितरणने लाइन बंद केल्याशिवाय नाही, 1912 ला फोन करा.

बाकी झटपट. आधीचे आणि नंतरचे फोटो. फुटलेली कौलं आधी मोजून घ्या, नाहीतर ती तुमच्या खात्यावर येतात. पन्हळीतला पाला काढायचा की नाही, खुंट जमिनीलगत की मुळासकट, हे आधी बोला. मुळासकट असेल तर खड्डा बुजवायची माती कोणाची तेही. भुसा खराट्याने. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले गाडी हलायच्या आधी, कारण घरमालक मुंबईला असेल तर नंतर फोन लागत नाही. आणि गाडी हलायच्या आधी, परत एकदा, ती कुठे रिकामी होणार ते ड्रायव्हरला माहीत आहे ना?