मँचेस्टर, व्हरमाँट : हिल्डीनची बाग आणि फ्लाय फिशिंगचे संग्रहालय पाहायला जाण्यापूर्वी

तारीख सर्वांत आधी ठरवावी, आणि ती ठरवताना घरच्या सुट्ट्यांइतकाच पिओनी या मोठ्या, भरगच्च पाकळ्यांच्या फुलांचा विचार करावा. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या नैर्ऋत्येकडील मँचेस्टर या गावी असलेली हिल्डीन या जुन्या उन्हाळी घराची बाग मे अखेरीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत खऱ्या अर्थाने भरात असते, आणि त्यातही जूनचा मधला आठवडा बहुधा साधतो. मे महिन्यात या डोंगराळ मुलुखात चावऱ्या काळ्या माश्यांचा सुळसुळाट असतो, एप्रिलमध्ये वितळलेल्या बर्फाने कच्चे रस्ते चिखलात रुततात, आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पानांचे रंग पाहायला इतकी गर्दी लोटते की मुक्कामाची खोली काही महिने आधी धरावी लागते. भारतातून आलेले आई-बाबा साधारण मे ते ऑक्टोबर असे मुलांकडे राहतात, त्यामुळे बॉस्टन, आल्बनी किंवा न्यू जर्सीकडच्या मराठी कुटुंबांना जूनचा बेत सहज जमण्यासारखा आहे.

तारीख ठरली की हिल्डीन आणि गावातलेच फ्लाय फिशिंगचे (खोट्या माशीने मासे पकडण्याच्या कलेचे) संग्रहालय या दोन्ही ठिकाणांचे उघडण्याचे वार आणि वेळा त्याच आठवड्यात पुन्हा तपासाव्यात. संग्रहालय आठवड्याचे सातही दिवस उघडे नसते आणि हिल्डीनचे वार ऋतूप्रमाणे बदलतात. त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी उघडी असतील असा वार शोधणे हे या यादीतील सर्वांत कंटाळवाणे, पण सर्वांत महत्त्वाचे काम होय. मी एकदा ते टाळले आणि तीन तास गाडी चालवून बंद दारावरची पाटी वाचून परतलो, ही चूक सर्वस्वी माझीच. हिल्डीनचे तिकीट संग्रहालयाच्या तुलनेत बरेच महाग आहे. तेव्हा तेथे निदान चार तास देता येणार असतील तरच ते घ्यावे.

वाटेसंबंधी एक सावधगिरी. फोनच्या नकाशात नुसते ‘मँचेस्टर’ लिहिल्यास तो बहुधा न्यू हॅम्पशायरमधील त्याच नावाच्या मोठ्या शहराकडे नेतो, म्हणून राज्याचे नाव जोडून लिहावे. बॉस्टनहून येणाऱ्यांनी ब्रॅटलबरोपर्यंत येऊन 30 क्रमांकाचा रस्ता धरावा. न्यूयॉर्क व आल्बनीकडून येणाऱ्यांना बेनिंग्टनवरून उत्तरेकडे जाणे सोयीचे. डोंगरांत फोनची रेंज मधूनमधून जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवावा. रस्त्याकडेच्या मोठ्या जाहिरात-फलकांवर व्हरमाँटने 1968 साली कायद्याने बंदी घातली, त्यामुळे ‘पुढच्या वळणावर अमुक’ असे ओरडून सांगणारा फलक येथे भेटत नाही. छोट्या सरकारी पाट्यांवर नजर ठेवावी लागते.

योगायोग असा की अमेरिकन म्यूझियम ऑफ फ्लाय फिशिंग हे संग्रहालयही 1968 सालचेच. येथे जाण्यापूर्वी थोडा अभ्यास करावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण तयारीविना गेलेल्या माणसाला काचेमागे काठ्या, दोरी गुंडाळायच्या चक्र्या आणि पिसांचे रंगीत पुंजके यांपलीकडे काही दिसत नाही. आपल्याकडे गळाला गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र आकड्याभोवती पीस, केस, रेशीम आणि धागा बांधून खोटी माशी तयार करतात. ती इतकी हलकी असते की नुसती फेकल्यास पुढे जाणारच नाही. म्हणून येथे वजन दोरीला दिलेले असते आणि ती जड दोरी हवेत मागेपुढे झुलवून माशीला पाण्यावर नेऊन ठेवतात. एवढे कळले की काठी लांब व लवचीक का, आणि दोरी जाड का, हे आपोआप उलगडते.

संग्रहात अशा वीस हजारांहून अधिक माशा आहेत. त्यांत सामन (सॅल्मन) हा मासा पकडण्यासाठी बांधलेल्या जुन्या, झगझगीत माशा दिसल्या, तर त्यांच्या बाजूला लाखेच्या थेंबासारखे पिवळट-पांढरे ठिपके असलेले पीस शोधावे. ते राखी रानकोंबड्याच्या मानेचे असते, आणि हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला, भारतीय द्वीपकल्पाबाहेर मूळचा कुठेही नसलेला! मोराच्या पिसाचे हिरवट चमकदार तंतू तर कितीतरी माशांच्या अंगावर गुंडाळलेले असतात. काठ्यांचेही तसेच. बांबू उभा चिरून, त्याच्या सहा त्रिकोणी कांबी एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी बनवण्याची कला एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बहरली, तेव्हा वापरला जाणारा बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जाई. पुढे त्याची जागा दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने घेतली. घरातील लहान मुलांना या तीन वस्तू आधी सांगून ठेवाव्यात आणि त्यांनाच त्या शोधायला लावाव्यात. मोठ्यांचाही वेळ मग बरा जातो.

दोन माणसांची नावेही लक्षात ठेवावीत. चार्ल्स ऑर्विस यांनी याच गावी 1856 साली आपला व्यवसाय सुरू केला आणि 1874 साली भोके पाडलेल्या अरुंद चक्रीचे पेटंट घेतले. भोकांमुळे चक्री हलकी झाली आणि ओली दोरी लवकर सुकू लागली. त्यांची कन्या मेरी ऑर्विस मार्बरी यांनी माशा बांधणाऱ्या स्त्रियांचा विभाग सांभाळला. त्या काळी एकाच माशीला गावोगावी वेगवेगळी नावे असल्याने मागणी आली तरी नेमकी कोणती माशी हवी हे कळत नसे. तेव्हा देशभरातील गळ टाकणाऱ्यांकडून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी 1892 साली माशांचा सचित्र ग्रंथच सिद्ध केला. विवेकानंदांमुळे आपल्याला परिचित असलेल्या 1893 सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या माशांच्या चौकटी या संग्रहालयाकडे आहेत. येथील प्रदर्शने बदलत असतात, म्हणून त्या सध्या मांडलेल्या आहेत का, हे फोन करून विचारून घ्यावे.

संग्रहालय सकाळी उरकून मग दोन-तीन मैलांवरील हिल्डीनला जावे. हे अब्राहम लिंकन यांचे पुत्र रॉबर्ट यांचे 1905 साली बांधलेले उन्हाळी घर. पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीचे ते अध्यक्ष होते. बागेत थेट शिरण्याचा मोह आवरावा, कारण ती पाहायची खरी जागा घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकी आहे. रॉबर्ट यांची मुलगी जेसी हिने 1907 साली आईसाठी ही बाग आखली ती चर्चच्या रंगीत काचांच्या खिडकीसारखी : कातरलेली कुंपणे म्हणजे काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या, आणि फुले म्हणजे काचा. खाली उभे राहिल्यास केवळ सुबक वाफे दिसतात, वरून मात्र खिडकीतून खिडकी दिसते. तेव्हा आधी घर, मग बाग. पिओनीची काही रोपे मूळ लागवडीपासूनची आहेत. आवारातच 1903 सालचा ‘सनबीम’ हा पुलमन डबा उभा आहे; त्याच्या ऐषारामाबरोबरच त्यात राबणाऱ्या कृष्णवर्णीय सेवकांची कहाणीही तेथे मांडलेली आहे, तिच्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

ज्येष्ठांसाठी बळकट, न घसरणारे बूट हवेत. आवार चारशे एकरांहून मोठे आहे आणि शेताकडचा भाग बराच खाली उतरतो. आत ने-आण करणारी गाडी त्या दिवशी आहे का व चाकाची खुर्ची कुठवर जाते, हे आधीच विचारावे. जूनमध्येही सकाळी गारवा असतो, म्हणून एक स्वेटर आणि छत्री घ्यावी. शाकाहारी मंडळींनी दशम्या, चटणी आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवल्यास दुपार निवांत जाते.

गावाजवळून वाहणाऱ्या बॅटनकिल नदीत गळ टाकून पाहण्याची इच्छा झालीच, तर 15 वर्षे व त्यावरील प्रत्येकाला व्हरमाँटचा परवाना लागतो. बाहेरच्या राज्यांतील लोकांना तो एका दिवसापुरताही मिळतो. नदीच्या मोठ्या पट्ट्यात ट्राउट हा मासा पकडला तरी लगेच सोडून द्यावा लागतो, तेव्हा रात्रीच्या कालवणाची आशा धरू नये.

शेवटचे सामान लहान असले तरी विसरू नये : फिकट रंगाच्या लांब विजारी, त्या ज्यांत खोचता येतील असे लांब पायमोजे, कीटकरोधक औषध आणि बारीक टोकाचा चिमटा. व्हरमाँटच्या गवतात लाइम रोग पसरवणारी गोचीड असते आणि ती तिळाएवढी किंवा त्याहूनही लहान असू शकते. मुक्कामी परतल्यावर मुलांचे कान, काखा, गुडघ्यामागची जागा व केस उजेडात नीट तपासावेत, आणि चिकटलेली आढळल्यास तिला तेल न लावता, न पिळता, कातडीलगत चिमट्याने धरून सरळ वर ओढून काढावे.