फुफ्फुसाचे दोन सीटी इलास्टिक्सने एकमेकांवर कसे बसवायचे

एकाच पेशंटचे दोन सीटी, एक श्वास सोडलेला आणि एक भरून घेतलेला. डायफ्रामजवळची गाठ दोन्हींत सहज सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सरकलेली असते, शिवाय वरचा भाग कमी हलतो आणि खालचा जास्त, त्यामुळे अख्खी इमेज नुसती सरकवून-फिरवून भागत नाही, जागोजागी वेगवेगळी ताणावी लागते. हेच डिफॉर्मेबल रजिस्ट्रेशन, आणि इलास्टिक्स हे इमेज जुळवायचं सॉफ्टवेअर यासाठी मस्त आहे, फुकट पण आहे.

श्वास सोडलेला सीटी फिक्स्ड (जागचा न हलणारा) घ्या, भरलेला मूव्हिंग (ताणून त्यावर बसवायचा). आधी दोन्ही थ्रीडी स्लायसर या इमेज बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा, उजवं-डावं बरोबर आहे ना, व्हॉक्सेलची (थ्रीडी इमेजच्या एका ठिपक्याची) साइज नीट वाचली गेलीय ना. हेडर, म्हणजे फाइलमधली ही माहिती, चुकलेलं असेल तर पुढचं सगळं वाया.

मग फुफ्फुसाचा मास्क करा, म्हणजे जुळणी फक्त कुठल्या भागात बघायची ते सांगणारी इमेज. हे टाळू नका प्लीज, कारण श्वास घेताना फुफ्फुस बरगड्यांच्या आतून घसरतं, बरगड्या तेवढ्या हलत नाहीत, आणि बी-स्प्लाइनला (ग्रिडच्या बिंदूंनी इमेज सलग ताणायची पद्धत) असं घसरणं जमत नाही, ती दोघांना एकत्रच ओढते. मास्क थोडासाच फुगवा, म्हणजे फुफ्फुसाची कड आत येईल.

रन दोन टप्प्यांत करा, आधी अफाइन (अख्खी इमेज एकसारखी सरकवणं, फिरवणं, ताणणं), मग बी-स्प्लाइन. रेझोल्यूशनच्या पायऱ्या 4 ठेवा, म्हणजे आधी ढोबळ जुळतं मग बारीक, आणि शेवटचं ग्रिड स्पेसिंग (ग्रिडच्या बिंदूंमधलं अंतर) 10 ते 16 मिमीपासून सुरू करा. ग्रिड फार बारीक केलं की दिसायला इमेज एकदम फिट्ट बसते, पण आत टिश्यूला नको तिथे घड्या पडू शकतात. मेट्रिक (जुळणी किती चांगली ते मोजायचं माप) म्हणून म्युच्युअल इन्फर्मेशन घ्या, ते दोन इमेजमधल्या छटांचा संबंध बघतं, श्वास भरल्यावर हवा वाढते आणि फुफ्फुसाचा एचयू (सीटीतला घनतेचा आकडा, पाणी 0, हवा -1000) खाली जातो, म्हणून सरळ वजाबाकीवाला मेट्रिक फसतो. आणि डिफॉल्ट पिक्सेल व्हॅल्यू (इमेजच्या बाहेरच्या जागी भरला जाणारा आकडा) -1000 करा, 0 राहिलं तर इमेजच्या बाहेरची हवा पाण्यासारखी करडी दिसते.

आता तपासणी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. नुसतं ओव्हरले (दोन्ही इमेज एकमेकांवर ठेवून) बघून खूश होऊ नका. ट्रान्सफॉर्मिक्सने (इलास्टिक्ससोबतचा, सापडलेलं ट्रान्सफॉर्म लावणारा प्रोग्राम) जेकोबियनचा नकाशा काढा, तो जागोजागी आकारमान किती पट झालं ते सांगतो. 1 म्हणजे आकारमान तेवढंच, 1 च्या वर म्हणजे तिथे फुफ्फुस फुगलं, आणि 0 किंवा मायनस दिसलं म्हणजे टिश्यू स्वतःवरच दुमडलंय, जे शरीरात होऊच शकत नाही. असं दिसलं की ग्रिड मोठं करा किंवा बेंडिंग एनर्जीचं (वेड्यावाकड्या ताणण्याला लागणारा दंड) वजन वाढवा. सोबत रक्तवाहिन्या जिथे फाटे फुटतात तिथे दोन्ही सीटींत हाताने पॉइंट लावा आणि रजिस्ट्रेशननंतर किती मिमी फरक उरला ते मोजा. सराव करायचा असेल तर डीआयआर-लॅबचा डेटा आहे, 10 फोरडी सीटी (श्वासाच्या वेगवेगळ्या क्षणांचे थ्रीडी सीटी) केसेस, प्रत्येकीत श्वासाच्या दोन टोकांमधले 300 पॉइंट्स लावलेले.

इथे दिशेचा घोळ होतो. इलास्टिक्सचं ट्रान्सफॉर्म (कुठला पॉइंट कुठे जातो ते सांगणारा नियम) फिक्स्डमधल्या पॉइंटवरून मूव्हिंगमधल्या पॉइंटकडे जातं, जरी इमेज मूव्हिंगची फिक्स्डवर येत असली तरी! म्हणून ट्रान्सफॉर्मिक्सला फिक्स्डचे पॉइंट द्या आणि उत्तर मूव्हिंगच्या पॉइंट्सशी ताडून बघा.

गाठीचा मास्क मूव्हिंगवरून फिक्स्डवर न्यायचा असेल तर ट्रान्सफॉर्म फाइलमधली शेवटची इंटरपोलेशन ऑर्डर (ठिपक्यांच्या मधले आकडे कसे काढायचे) 0 करा, नाहीतर 0 आणि 1 च्या मधले आकडे येतात आणि गाठीची कड पुसट होते.