पुराचा फलक: एक आकडा, एक मागणी

सांगलीत पुराच्या प्रश्नावर फलक करताय? घोषणांचा ढीग नको, एक आकडा घ्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पांढऱ्यावर निळा पट्टा, त्यात ठळक ‘५७’, खाली एकच मागणी. बस्स.

अक्षरांचा ढोबळ हिशोब असा: दर १० फुटांना १ इंच उंची. रस्त्यापलीकडून, ३० फुटांवरून वाचायचं तर ३ इंच. देवनागरीत खरा घोळ उकार-वेलांट्यांचा. ओळी चिकटवल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत शिरतो, म्हणून मध्ये निदान अर्ध्या अक्षराएवढी जागा सोडा. नक्षीदार फॉन्ट लग्नपत्रिकेला ठेवा! छापण्याआधी मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघा. वाचता आलं नाही तर शब्द कमी करा, रंग वाढवू नका.

भिंत रंगवणार असाल तर मालकाची लेखी परवानगी हवीच. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. मालक तयार असेल तर निळा पट्टा पाणी चढलं होतं नेमक्या त्याच उंचीवर मारा. उंची शेजाऱ्यांना विचारा, त्यांना तोंडपाठ असते.