जुन्या सर्व्हेच्या खुणा शोधायला निघताय? मग ही तयारी करून निघा

या खुणा म्हणजे जमीन मोजणाऱ्यांनी जागा आणि उंची ठरवायला पक्क्या बसवलेल्या चकत्या, खांब किंवा कोरलेले दगड. बॅग नंतर भरा, आधी हव्या त्या खुणेचं जुनं वर्णन मिळवा आणि सावकाश दोन-तीनदा वाचा. ज्या लोकांनी खूण बसवली त्यांनी पुढच्या माणसाला ती सापडावी म्हणून सगळी वाट लिहून ठेवलेली असते, कुठल्या फाट्याला वळायचं, मोठ्या खडकापासून किती फूट, पुलाच्या कोपऱ्यापासून किती. अमेरिकेत नॅशनल जिओडेटिक सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याच्या डेटाशीट, म्हणजे खुणेच्या माहितीचे कागद, कुणालाही फुकट बघता येतात, त्यात हे सगळं असतंच, शिवाय नंतर कोणत्या साली कोण येऊन बघून गेलं तेही असतं. हे कागदावर उतरवून घ्या, मोबाईलच्या भरवशावर राहू नका. आणि वाचताना टिकणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा, म्हणजे खडक, दगडी पूल, टेकडीचा माथा, कारण झाडं पडतात, कुंपणं सरकतात, रस्तेसुद्धा बदलतात. अंतर साखळीत, म्हणजे मोजणीच्या जुन्या मापात, दिलेलं असेल तर गुंटरची साखळी ६६ फुटांची, म्हणजे साधारण २०.१ मीटर, हा हिशोब घरीच करून ठेवायचा, उन्हात उभं राहून गुणाकार होत नाहीत.

आता कोऑर्डिनेट, म्हणजे अक्षांश-रेखांशाचे आकडे, इथे बरेच जण फसतात. मोबाईलवर ठिपका दिसला की तिथेच खणायला बसू नका. अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात त्याला डेटम म्हणतात, मोबाईल डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम वापरतो आणि जुने आकडे वेगळ्या डेटमवर असू शकतात, अमेरिकेच्या पश्चिम भागात नॅड २७ या जुन्या डेटमचा फरक १०० मीटरच्या आसपास जातो. काही खुणांचे आकडे तर प्रत्यक्ष मोजलेलेच नसतात, नकाशावर पट्टी ठेवून काढलेले असतात, तिथे अक्षांशात एका सेकंदाची (अंशाच्या ३६००व्या भागाची) चूक म्हणजे जमिनीवर ३१ मीटर. बेंचमार्कच्या, म्हणजे उंची नोंदवायला बसवलेल्या खुणांच्या बाबतीत हे खास लक्षात ठेवा, कारण त्यांना उंची अचूक हवी होती, जागा साधारण कळली तरी भागायचं. म्हणून माझं ठाम मत, ठिपका तुम्हाला भागात नेतो, खुणेपर्यंत वर्णनच नेतं. होकायंत्राची दिशा दिली असेल तर ती खऱ्या उत्तरेपासून आहे की चुंबकीय उत्तरेपासून ते बघा आणि चुंबकीय असेल तर त्या सालचं डेक्लिनेशन, म्हणजे या दोन उत्तरांमधला कोन, काढा, २०० मीटरवर ५ अंश चुकलात तर तुम्ही १७ मीटर बाजूला पोचता.

नेमकं काय दिसणार आहे तेही आधीच माहीत हवं, नाहीतर समोरून चालत जाल. प्रत्येक वेळी पितळी चकतीच असते असं नाही. भारतातल्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेत, म्हणजे त्रिकोण मोजत केलेल्या देशाच्या मोजणीत, जी विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासला सुरू केली, दगडावर वर्तुळ आणि मधे ठिपका कोरायचे. ब्रिटनमध्ये १९३६ पासून साधारण ४ फुटी काँक्रीटचे खांब उभे राहिले, ते लांबून दिसतात, पण तिथेच भिंतीवर कोरलेली आडवी रेघ आणि खाली बाण एवढाच बेंचमार्क असतो, तो शेवाळाखाली सहज लपतो. स्ट्रूव्हच्या आर्कवर, म्हणजे पृथ्वीचा आकार मोजायला आखलेल्या खुणांच्या रांगेवर, जो नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत जातो, कुठे खडकात पाडलेलं भोक आहे तर कुठे दगडांचा ढीग. अमेरिकन मुख्य चकतीवर त्रिकोण असतो आणि तिच्या आजूबाजूला बसवलेल्या मदतीच्या खुणांवर, म्हणजे रेफरन्स मार्कवर, बाण, तो बाण मुख्य खुणेकडे बघतो, त्यामुळे एक रेफरन्स मार्क मिळाला की अर्धं काम झालं, फक्त तिथून टेपने अंतर टाकायचं.

म्हणून बॅगेत पहिली वस्तू लांब टेप, ३० मीटरचा तरी. मग होकायंत्र, मऊ ब्रश, छोटी खुरपी, जमिनीत टोचून बघायला बारीक सळई, हातमोजे, वही-पेन्सिल आणि टॉर्च. टॉर्च दिवसासुद्धा लागतो, झिजलेल्या अक्षरांवर बाजूने तिरका प्रकाश टाकला की नाव आणि साल वाचता येतं. तारेचा ब्रश आणि केमिकल घरीच ठेवा. मेटल डिटेक्टर नेत असाल तर त्या भागात परवानगी आहे का बघा, आणि नुसतं लोखंड शोधणारं यंत्र असेल तर पितळ त्याला कळतच नाही.

जमीन कुणाची आहे ते निघण्याआधी शोधा आणि विचारून जा, नाही म्हणाले तर विषय संपला. जुन्या लेव्हलिंगच्या, म्हणजे उंचीच्या मोजणीच्या, लाइन पुष्कळदा रेल्वेच्या कडेने गेल्यात, पण चालू रुळांवरून चालायचं नाही म्हणजे नाही. ऑफलाइन नकाशा, पॉवर बँक, लागेल त्याहून जास्त पाणी, प्रथमोपचार, उंच बूट आणि लांब पँट हे धरूनच चाला, आणि दगडांच्या खाचेत न बघता हात घालू नका. कुठे जाताय आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवा. हवामानाचं जरा जास्तच मनावर घ्या, त्रिकोण मोजायच्या खुणा मुद्दाम सगळ्यात उंच उघड्या माथ्यावर बसवल्यात, एकमेकींना दिसाव्यात म्हणून, त्यामुळे वीज कडाडायला लागली तर तुम्ही सगळ्यात वाईट जागी उभे असता, खूण दहा पावलांवर असली तरी खाली उतरा.

सापडली की हलवायची नाही, उपटायची नाही, खणलं असेल तर माती परत लोटायची. एक फोटो अक्षरं वाचता येतील असा जवळून, एक लांबून आजूबाजूचा परिसर दिसेल असा, आणि फोटो कुठल्या दिशेला तोंड करून काढला ते वहीत तिथेच लिहा. नाही सापडली तर "नाही सापडली" एवढंच लिहा, "नष्ट झाली" लिहायला पुरावा लागतो, उखडलेली चकती किंवा फुटलेला पाया डोळ्यांनी दिसायला हवा. कुठे कुठे शोधलं, किती वेळ, गवत किती वाढलं होतं हेही टाका, पुढच्या माणसाला तेच कामाला येतं.